खिशात मावणारं ईसीजी मशीन: आईसाठी घेतलं, आठ महिने वापरून लिहितेय

गेल्या पावसाळ्यात मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरून घेतलं. कंपनीचं नाव टाकत नाहीये कारण दोन-तीन कंपन्यांची जवळपास सारखीच येतात आणि मला या वस्तूबद्दल सांगायचंय, ब्रँडबद्दल नाही. बोटभर लांब चपटी पट्टी, वर धातूचे दोन चौकोन, दोन्ही हातांची बोटं त्यावर ३० सेकंद ठेवायची की मोबाइलवर ईसीजीची रेघ उमटते आणि तिची पीडीएफ डॉक्टरांना व्हॉट्सऍपवर पाठवता येते. सात हजारांच्या आसपास पडलं, स्वस्त नाहीये.

कशाला घेतलं ते सांगते. आई ७१ वर्षांची, आम्ही लालबागला राहतो, तिला बीपी बरीच वर्षं आणि शुगरपण आहे. मार्चपासून मधूनच छातीत फडफड व्हायची, तिच्या शब्दांत "आत कबुतर अडकल्यासारखं", कधी दहा मिनिटं कधी तासभर आणि मग आपोआप थांबायचं. स्टेशनचा जिना चढताना दोनदा मध्येच टेकली. एका क्लिनिकमध्ये गॅस म्हणून गोळ्या दिल्या, आम्ही त्या महिनाभर दिल्यापण. ईसीजी दोनदा काढला, नॉर्मल. २४ तासांचा होल्टर (अंगावर लावून दिवसभराचे ठोके टिपणारं यंत्र) लावला, तोही नॉर्मल, कारण त्या दिवशी ते आलंच नाही! पुढे निदान झालं ते एट्रिअल फिब्रिलेशनचं, म्हणजे एएफ, हृदयाच्या ठोक्यांचा ताल बिघडतो. हाच तर या आजाराचा त्रास आहे, सुरुवातीला येऊन-जाऊन असतो आणि आपण दवाखान्यात पोचेपर्यंत ठोके जागेवर आलेले असतात.

मशीन घेतल्यावर अकराव्या दिवशी आई संध्याकाळी मेथी निवडत बसली होती, म्हणाली "अगं ये गं, ते बघ परत सुरू झालं." मेथी तशीच पेपरवर टाकून तिने पदराला हात पुसले आणि बोटं ठेवली. नेहमी तिच्या रेघेत टोकं कशी सारख्या अंतरावर येतात, इथे दोन जवळजवळ, मग मोकळी जागा, मग तीन पटापट, कसला हिशोबच नाही. खाली आलं 'पॉसिबल एट्रिअल फिब्रिलेशन'. माझे हात गार पडले पण पीडीएफ लगेच पाठवली, आणि कार्डिओलॉजिस्टनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं. रेघ झूम करून बघत म्हणाले, टोकाच्या आधी जी छोटी पी वेव्ह हवी ती नाहीये, हे एएफच आहे.

त्यांनी समजावलं ते इथे लिहिते कारण आम्हाला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात, मिनिटाला ३५० ते ६०० वेळा विजेचे झटके फिरत असतात, मधली गाठ त्यातले थोडेच खाली सोडते म्हणून नाडी वेडीवाकडी लागते. पण खरा धोका धडधडीचा नाहीच. थरथरणाऱ्या डाव्या कप्प्याला एक छोटी पिशवी असते, तिथे रक्त साचतं, गुठळी होते आणि ती सुटून मेंदूत गेली की स्ट्रोक. एएफमध्ये स्ट्रोकची शक्यता साधारण पाच पट होते. हे ऐकलं आणि मार्चपासूनचे ते सगळे महिने माझ्या डोळ्यासमोर आले.

कारणं विचारली तर वय आणि बीपी सगळ्यात आधी, मग शुगर, लठ्ठपणा, थायरॉइड जास्त असणं, झोपेत घोरताना श्वास अडकणं, दारू, झडपेचे आजार. म्हणून आईची इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) दोन्ही करून घेतली. झडपा ठीक निघाल्या, ते महत्त्वाचं होतं, कारण लहानपणीच्या रूमॅटिक तापाने झडप बरीच आकसली असेल तर गुठळी होऊ नये म्हणून देतात त्या रक्त पातळ करणाऱ्या नवीन गोळ्या चालत नाहीत, वॉर्फरिनसारखी जुनीच गोळी लागते आणि आयएनआर (रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा) २ ते ३ मध्ये ठेवायला सारखं रक्त तपासावं लागतं, मेथी-पालक-अळूचं प्रमाणही रोज सारखं ठेवावं लागतं.

स्ट्रोकच्या धोक्याचा एक स्कोअर काढतात. ६५ च्या वर वय १ (७५ पासून २), बीपी १, शुगर १, हार्ट फेल्युअर १, रक्तवाहिन्यांचा आजार १, आधी स्ट्रोक झाला असेल तर २. आधी बाईमाणसाचा १ जास्त धरायचे, युरोपच्या २०२४ च्या गाइडलाइनमध्ये तो काढलाय. आईचे ३ झाले आणि २ पासून पुढे रक्त पातळ करणारी गोळी द्याच म्हणतात. तिला त्यातली नवीन गोळी एपिक्साबॅन सुरू झाली, सकाळ-संध्याकाळ, आणि ठोके आवरायला मेटोप्रोलोल. मी विचारलं ऍस्पिरिन नाही का चालणार, तर स्पष्ट नाही म्हणाले, एएफमधला स्ट्रोक त्याने नीट अडत नाही. गुडघे दुखले की आई मेडिकलमधून पेनकिलर आणायची ते बंद, सोबत घेतलं तर रक्तस्त्राव होऊ शकतो. ठोके पुन्हा तालावर आणायला वेगळी औषधं, शॉक, ऍब्लेशन (नळी घालून हृदयातला बिघाड करणारा भाग निकामी करणं) हे पर्याय आहेत, पण आईला गोळ्यांवर बरं वाटतंय म्हणून सध्या तिकडे गेलो नाही.

आता मशीनच्या उण्या बाजू. म्हाताऱ्या माणसांची बोटं कोरडी असतात, मग रेघ येतच नाही, किंचित ओली करून पुसावी लागतात. हात अधांतरी धरले तर नुसती खरखर, कोपर टेबलावर टेकवायचे आणि त्या ३० सेकंदांत बोलायचं नाही. बऱ्याचदा 'अनक्लासिफाइड' येतं, म्हणजे मशीनला काही ठरवता आलं नाही. मधूनच एखादा जादा ठोका पडला तरी एएफ दाखवू शकतं, एकदा तसं झालं आणि आम्ही रात्रभर जागे होतो, डॉक्टर बघून काही नाही म्हणाले. आणि हार्ट ऍटॅक यात कळत नाही, हे दुकानदारानेही सांगितलं नव्हतं! छातीत दाबल्यासारखं झालं तर पट्टी शोधत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा. तसंच तोंड वाकडं होणं, हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं दिसलं तर १०८ लावा, गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. आई रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आहे हे तिथे पहिल्या वाक्यात सांगायचं, म्हणून गोळ्यांची पट्टी मी तिच्या पर्समध्येच ठेवलीय.

आम्ही आता सकाळी एकदा आणि फडफड झाली तर, एवढंच वापरतो. पाचपैकी चार स्टार, एक स्टार कापला कारण ऍप इंग्रजीत आहे, आईला एकटीला वापरता येत नाही. घेताना दुकानातच स्वतःची बोटं ठेवून चालवून बघा आणि वॉरंटी कार्डावर शिक्का मारून घ्या, मी गेले त्या दुकानाला रविवारी सुट्टी असते.