आठ महिने आणि एक पावसाळा: ५६ चौरस फुटांच्या स्वयंपाकघरातली साठवण

ठाण्यातल्या नौपाड्यातली आमची इमारत जुनी आहे आणि स्वयंपाकघर ८ बाय ७. ओटा आणि फ्रिज वजा केले की दोन माणसं एकमेकांना ‘जरा सरक’ म्हणत उभी राहतील एवढीच जागा उरते. संक्रांत झाल्यावर काम काढलं आणि फेब्रुवारीच्या मध्यावर नव्या ओट्यावर दूध उतू घातलं. खर्च सगळा मिळून पावणेतीन लाख. आता नवरात्र आलंय, मधे एक अख्खा पावसाळा जाऊन आला, तेव्हा लिहायला हरकत नाही. गृहप्रवेशाच्या आठवड्यात लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं.

वापरणारे आम्ही तिघं. सकाळचे डबे मी करतो, रात्रीचा स्वयंपाक हिच्याकडे, आणि आई (वय ७४, उंची चार फूट दहा इंच) दिवसभर दोघांच्या चुका काढते. चौथा आमचा मुलगा, तो फक्त खातो.

आधीची परिस्थिती अशी होती: ओट्याखाली कडाप्प्याचे खोल कप्पे, समोरच्या भिंतीवर स्टीलची मांडणी. काम सुरू करताना कप्पे रिकामे केले तर साबुदाण्याच्या तीन पिशव्या निघाल्या, तिन्ही अर्ध्या. दर चतुर्थीला ‘संपला वाटतं’ म्हणून नवी आणलेली. दोन फूट खोल कप्प्यात मागे गेलेली वस्तू पुन्हा हाताला लागत नाही. मांडणीवर असं कधी झालं नाही, कारण तिथे डब्यांची एकच ओळ असायची. हे तेव्हा लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं. आम्ही मांडणी भंगारात दिली, किलोच्या भावाने. आई दोन दिवस गप्प होती.

डिझाइन करणारी मुलगी हुशार होती. सनमायक्याच्या ४० छटा दाखवल्या, हँडल कसले हवेत ते विचारलं. महिन्याला तांदूळ किती लागतो, हे तिने विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. तो हिशेब मी मार्चमध्ये, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर, पाण्याच्या लिटरच्या बाटलीने मापं घेत केला. पाच किलो तांदळाला सहा-सव्वासहा लिटरचा डबा पुरतो. पाच किलो कणकेला मात्र नऊ लिटरही कमी पडतात. पोह्यांना वजनाच्या मानाने तांदळाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, आणि कुरमुऱ्यांचं तर विचारूच नका. किलोवर जाऊन कप्पे ठरवले की पीठ आणि पोहे कायम ओट्यावर येऊन बसतात. पहिला महिना आमचे बसले होते.

आता जे जमलं ते. पाइपचा गॅस आल्यापासून सिलिंडरची जागा मोकळी होती. तिथे दोन खोल ट्रॉल्या केल्या, वरची डाळींची, खालची तांदूळ आणि कणकेची. या ट्रॉल्यांना दहापैकी नऊ गुण. पूर्ण बाहेर येतात, वरून सगळी झाकणं एका नजरेत दिसतात, आईला वाकावं लागतं पण गुडघे टेकावे लागत नाहीत. ट्रॉली ज्यावर सरकते त्या चॅनेलवर ४५ किलोचा दावा आहे, आमचं वजन पस्तीसच्या आसपास जातं आणि अजून कुरकुर नाही.

एक गुण कापला तो झाकणांमुळे. ट्रॉलीत डब्याचं अंग दिसत नाही, म्हणून हिने झाकणांवर कागदी पट्ट्या चिकटवल्या. सगळे डबे एकाच मापाचे. एप्रिलमधल्या एका रविवारी घासून वाळत घातलेली झाकणं मी मनाला येईल तशी लावली आणि सोमवारी सकाळी इडली रव्याचा उपमा केला. तो उपमा शिजेपर्यंत माझी लोकल गेली. कागदी पट्ट्या तशाही महिन्याभरात तेलकट होऊन सुटतात. शेवटी अठरा डबे पिशवीत घालून जांभळी नाक्याला भांड्यांच्या दुकानात नेले आणि नावं घालणाऱ्याकडून झाकणावर आणि डब्यावर, दोन्हीकडे, ‘इडली रवा’, ‘बारीक रवा’, ‘मूग सालीची’ असं कोरून घेतलं. आहेराच्या भांड्यांवर ‘सप्रेम भेट’ कोरणारा तो माणूस, ‘मूग सालीची’ लिहिताना दोनदा वर बघत होता.

डबे गोल की चौकोनी हा वाद घरात अजून संपलेला नाही. चौकोनात गोल डबा बसवला की २१ टक्क्यांच्या वर जागा कोपऱ्यांत वाया जाते, हे शाळेतलं गणित आहे. पण चौकोनी डब्याच्या कोपऱ्यात पीठ धरून बसतं आणि आईच्या मते त्याला ‘हात लागत नाही’. सध्या डाळी चौकोनी, पीठ गोल.

आणि आता आमची सगळ्यात महाग चूक: उंच पुल-आउट पँट्री. एक फूट रुंद, साडेसहा फूट उंच, सहा जाळ्या, २८ हजार. शोरूममध्ये ती बोटाने ओढली की लोण्यासारखी बाहेर येते. शोरूममध्ये ती रिकामी असते, आणि दोन्ही बाजूंनी मोकळी असते. आमच्याकडे ती भिंतीला लागून आहे. म्हणजे बाहेर काढली तरी सामान एकाच बाजूने घेता येतं, भिंतीकडच्या बरण्या अलीकडच्या बरण्यांवरून हात घालून काढायच्या. साध्या कागदावर चौकोन काढला असता तरी हे कळलं असतं. शिवाय एक मेथीचा डबा हवा असला तरी सगळा संसार हलवायचा. भरल्यावर आईला ती ओढवत नाही. मे महिन्यात दार खाली बसून फरशीला घासायला लागलं, मिस्त्रींनी येऊन स्क्रू आवळले, ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. जिथे दोन्ही बाजू मोकळ्या आहेत आणि ओढणारा धडधाकट आहे तिथे ती चालत असेल. आमच्याकडे चालत नाही.

त्याच पँट्रीत आम्ही सुक्या मासळीची बरणी ठेवली होती. दर उन्हाळ्यात चेंदणी कोळीवाड्यातून सोडे आणि बोंबील येतात. बरणीचं झाकण घट्ट होतं, असं आमचं म्हणणं होतं. दहा दिवसांनी घरी आलेल्या पाहुण्यांनी चहाचा पहिला घोट घेतला आणि कप खाली ठेवला. काही बोलले नाहीत, पण बिस्किटं खाल्ली. चहाची पावडर बरोबर वरच्या जाळीत होती. अर्धा किलो टाकून दिली. आता सोडे-बोंबील काचेच्या बरणीत, बरणी स्टीलच्या डब्यात, आणि डबा बाल्कनीत.

पावसाळ्याने बाकीचा निकाल लावला. जुलैत तांदळात टोके झाले. ट्रॉली कितीही मऊ बंद होवो, ती हवाबंद नसते, हवाबंद डबाच असावा लागतो. आमच्या जुन्या डब्यांची झाकणं वर्षानुवर्षं आपटून सैल झालेली. तेव्हापासून नवा तांदूळ आणि रवा आणला की पिशवीसकट चार दिवस फ्रीझरमध्ये, मग बाहेर काढून न उघडता पूर्ण गार-पणा जाऊ द्यायचा, नाहीतर पिशवीत दव धरतं, आणि मग डब्यात. अंडी मरतात. फ्रीझरमध्ये तेवढी जागा नसेल तर रवा भाजून ठेवणं हा आईचा मार्ग आहेच. बाजरीचं पीठ तर साठवतच नाही. त्यातल्या तेलामुळे ते पंधरवड्यात कडू पडतं, म्हणून बाजरी ठेवतो आणि किलो-किलो दळून आणतो.

कांदे-बटाट्याची जाळी गंजली. घेताना दुकानदाराने लोहचुंबक लावून दाखवला होता, ‘बघा, चिकटत नाही, अस्सल ३०४’, म्हणजे स्टीलची सहसा न गंजणारी प्रत. नंतर कळलं की २०२ प्रतीच्या स्टीललाही चुंबक चिकटत नाही. त्यात निकेल कमी आणि मँगनीज जास्त, आणि आपल्याकडच्या दमट हवेत ते लवकर डागाळतं. तेव्हा चुंबकावर जाऊ नका, बिलावर प्रत लिहून घ्या. आमच्या बिलावर नुसतं ‘एसएस बास्केट’ आहे. शिवाय कांदे आणि बटाटे शेजारी ठेवले होते, तेही शेगडीखालच्या गरम कप्प्यात. बटाट्यांना आठवड्यात मोड. आता बटाटे फ्रिजशेजारच्या अंधाऱ्या कोनाड्यात, कारण उजेडात ते हिरवे पडतात आणि तो हिरवा भाग खाऊ नये. कांदे पॅसेजच्या खिडकीत टांगलेल्या टोपलीत.

सिंकखालचं प्लायवूड मी हट्टाने आयएस ७१० छापाचं, म्हणजे पाण्यात टिकणारं, घेतलं होतं, ते ठणठणीत आहे. पण त्याची दारं कंत्राटदाराने एमडीएफची, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीची, लावली आणि खालची कड पावसाळ्यात फुगून पावासारखी झाली. सांगितलं तर म्हणाला, ‘साहेब, पाणी लावू नका.’ सिंकला.

वरच्या कपाटांबद्दल फार नाही सांगत. चिमणीच्या पाइपने एक कप्पा खाल्ला. उरलेल्यात वरच्या फळीवर आईचा हात पोचत नाही, म्हणून तिथे गणपतीची भांडी आणि कुरडया-पापडांचे डबे, म्हणजे वर्षातून मोजक्या वेळा लागणारं. डंकावरून आणलेला वर्षाचा मसाला शेगडीवरच्या कपाटात होता, तो मे संपेपर्यंत रंगाने उतरला. आता मोठी बरणी खालच्या गार कप्प्यात, हिंगाचे खडे घालून, आणि वरती फक्त पंधरा दिवसांचा.

ऑगस्टमध्ये आईने विषय काढला. ‘अरे, दारामागची भिंत रिकामीच आहे की.’ तिथे दार उघडल्यावर मागे जेमतेम सात इंच राहतात. मिस्त्रींकडून पाच इंच खोल फळ्या मारून घेतल्या, पुढे एक बारीक पट्टी, साडेचार हजार रुपये. सगळ्यात वरची फळी आईच्या डोळ्यांच्या उंचीला. डब्यांची एकच ओळ, मागे काही लपायला जागाच नाही. साबुदाणा, पोहे, शेंगदाणे, गूळ, चहा-साखर, सगळं तिथे आलं आणि पँट्री जवळजवळ रिकामी झाली. आई त्याला मांडणीच म्हणते.

पँट्री काढून त्या जागी साध्या ट्रॉल्या करायला मिस्त्रींना दिवाळीनंतरची तारीख दिली आहे. आधीची दिली होती, पण ही म्हणाली फराळाचे डबे मग कुठे ठेवायचे. सध्या तिच्यात रद्दी, इस्त्रीच्या कपड्यांची पिशवी आणि मुलाची क्रिकेटची बॅट आहे. बॅट मात्र तिच्यात अगदी मापात बसते.