ग्लॉक ३४ च्या मुठीला टेप: रबर, ग्रॅन्युलेट की स्केटबोर्डचा ताव?

महाराष्ट्रात स्पर्धेचं पिस्तूल म्हटलं की दहा मीटरचं एअर पिस्तूल आठवतं, नाहीतर राही सरनोबतमुळे माहीत झालेलं २५ मीटर. तिथल्या मुठी लाकडाच्या, हाताच्या मापाने घासून बसवलेल्या; टेपचा प्रश्न फारसा येतच नाही. इथे विषय आहे आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या प्रॅक्टिकल शूटिंगचा, म्हणजे हालचाल करत वेळेविरुद्ध नेम धरण्याच्या खेळाचा, आणि अशा मॅचमध्ये दिसणाऱ्या ग्लॉक ३४ या ९ मिलिमीटर पिस्तुलाचा. भारतात ९ मिलिमीटर प्रोहिबिटेड बोअरमध्ये, म्हणजे सर्वसामान्यांना मनाई असलेल्या गटात मोडतं, त्यामुळे हे सगळं अमेरिका-युरोपात राहून मॅच खेळणाऱ्या मराठी मंडळींच्या जास्त कामाचं.

आधी नियम. आयपीएससीच्या प्रॉडक्शन डिव्हिजनमध्ये, म्हणजे फारसे बदल न केलेल्या पिस्तुलांच्या गटात, ग्लॉक ३४ बसत नाही, कारण त्याची नळी मर्यादेपेक्षा लांब आहे. त्या गटातलं दुसरं पिस्तूल असेल तर ग्रिप टेप चालते, पण नियमपुस्तकातल्या परिशिष्ट ई३ च्या आकृतीत दाखवलेल्या भागापुरतीच. मुठीवर चढवायचा रबरी मोजा मात्र चालत नाही. ती आकृती फोनमध्ये ठेवून मगच कात्री हातात घ्यावी.

बाजारात तीन वाटा आहेत. टॅलन ग्रिप्स या अमेरिकी कंपनीचा रबरी संच, त्याच कंपनीचा ग्रॅन्युलेट म्हणजे सँडपेपरसारखा खरखरीत संच, आणि स्केटबोर्डवर लावतात तो ९ इंच रुंद टेपचा ताव. टॅलनचे संच पिस्तुलाच्या पिढीप्रमाणे (जेन) आणि बॅकस्ट्रॅपप्रमाणे, म्हणजे मुठीच्या मागच्या बाजूला बसणाऱ्या तुकड्याप्रमाणे, कापलेले येतात. मागवताना लोक चुकतात ते इथेच. जेन ३ ला बोटांच्या खाचा आहेत, जेन ५ ला नाहीत. जेन ४ पासून पुढे बॅकस्ट्रॅप बदलता येतो, आणि मोठा बॅकस्ट्रॅप लावलेल्या मुठीवर बिनबॅकस्ट्रॅपचा संच पुरत नाही, मागे फट राहते. आपल्या पिस्तुलावर नेमकं काय बसवलं आहे ते पाहूनच ऑर्डर द्यावी.

रबरी टेप हाताला सौम्य आहे. रोज अर्धा तास ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाने सराव, करणाऱ्याला तीच बरी, कारण तळहात सोलवटत नाही आणि शर्टाचं अस्तरही शाबूत राहतं. कोरड्या हाताला तिची पकड उत्तम. घाम सुटला की मात्र ती दगा देते, आणि त्यावर चॉक लावला तर भुकटी टेपच्या नक्षीत भरून आणखी गुळगुळीत होते. मऊ टूथब्रश आणि साबणाच्या पाण्याने घासलं की पुन्हा ताळ्यावर येते.

ग्रॅन्युलेट घामाला दाद देत नाही. भर उन्हाळ्यातल्या मॅचमध्ये पाचव्या स्टेजला, म्हणजे टप्प्यालाही सपोर्ट हँड (आधाराचा दुसरा हात) हलत नाही, आणि लोक पैसे मोजतात ते यासाठीच. पण तिचा एक दोष फारसं कोणी बोलून दाखवत नाही: ती चुकीची पकडही तितकीच घट्ट धरून ठेवते. होल्स्टरमधून पिस्तूल काढताना हात थोडा खाली किंवा तिरका बसला, तर साध्या मुठीवर तो नकळत सरकवून जागेवर आणता येतो. खरखरीत टेपवर हात जिथे पडला तिथेच रुततो आणि पूर्ण स्टेज तशीच काढावी लागते. ड्रॉ, म्हणजे पिस्तूल उपसणं, अजून पक्का झालेला नसेल तर ग्रॅन्युलेट थोडी लवकरच होईल.

या दोन्हींपेक्षा स्केटबोर्डच्या तावाला जास्त गुण द्यावेसे वाटतात, कारण त्यात खरखरीतपणा कुठे हवा ते आपण ठरवतो. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याला खरी गरज असते ती डाव्या बाजूला, जिथे सपोर्ट हँडचा तळवा बसतो, आणि समोर फ्रंट स्ट्रॅपवर. मुठीच्या उजव्या बाजूला नेमबाजाच्या उजव्या हाताचा तळवा आणि बोटांची मुळं येतात, तिथे रबर किंवा काहीच नसलं तरी भागतं. मॅग रिलीजसाठी, म्हणजे मॅगझिन सोडणाऱ्या बटणासाठी, अंगठा लांबवताना मूठ हातात जरा फिरवावी लागते आणि मागच्या बाजूला ग्रॅन्युलेट असेल तर ती फिरतच नाही. हात लहान असेल तर बॅकस्ट्रॅप कोरडाच ठेवावा. टेपच्या जाडीने ट्रिगरपर्यंतचं अंतर वाढतं, थोडंच, पण बोटाला ते कळतं.

तावाचे दाणे सहसा ८० ग्रिटचे असतात आणि पिस्तुलासाठी तेवढे पुरे. ६० किंवा ३६ ची भरड टेप घेऊ नये. हात तिला सवयीने सोसू लागतो हे खरं, पण त्याआधी अंगठ्यामागची कातडी निघते.

आता लावणं. पिस्तूल रिकामं करा, मॅगझिन काढा, चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. स्लाइड उतरवून फक्त फ्रेमवर काम करा. मॅगझिनच्या पोकळीत कापडाचा बोळा घाला आणि पिनांच्या भोकांवर मास्किंग टेपचे तुकडे लावा. कापताना सांडणारे सिलिकॉन कार्बाइडचे दाणे ट्रिगरच्या भागांत गेले तर ते तिथे सँडपेपरचंच काम करतात.

टेप उखडण्याचं कारण दहापैकी नऊ वेळा तेल असतं. स्लाइडच्या रुळांना घातलेलं तेल पिनांच्या भोकांतून झिरपत मुठीवर येतं, हाताचं तेल वेगळंच. मूठ आधी भांडी घासायच्या साबणाने आणि ब्रशने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोलने दोनदा पुसा. दोन्ही वेळा नवं कापड घ्या. एकच कापड वापरलं की तेल जागा बदलतं, जात नाही. सिलिकॉन स्प्रे मारलेली मूठ असेल तर तीनदा पुसा. यानंतर मुठीला उघडं बोट लावू नका.

साचा काढण्यासाठी मुठीवर मास्किंग टेप गुंडाळा, पेन्सिलने हद्द आखा, सोलून कागदावर चिकटवा आणि कापा. मॅग रिलीजपासून दोन-तीन मिलिमीटर आणि मुठीच्या खालच्या कडेपासून दोन मिलिमीटर जागा सोडा, नाहीतर घाईत मॅगझिन घालताना टेपची कड तिच्यावर आपटून फाटते. एक मोठी गफलत इथे होते. साचा तावाच्या मागच्या कागदी बाजूवर ठेवून आखला की तुकडा उलटा निघतो, डाव्याचा उजवा होतो. साचा पालथा घालूनच आखा. कापायचंही कागदी बाजूने, नव्या पात्याच्या कटरने. दाण्यांच्या बाजूने कापलं तर पातं दोन रेषांत बोथट होतं, आणि कात्री तर कायमची जाते. प्रत्येक कोपरा तीन ते पाच मिलिमीटर गोलाईत कापा. टोकदार कोपरा हाताच्या घर्षणाने पहिल्याच आठवड्यात वर येतो.

गुंडाळायला एकच मोठा तुकडा घेऊ नये. मुठीला मागे फुगवटा आहे, तिथे तो सुरकुततो. डावी, उजवी आणि समोरची बाजू असे वेगळे तुकडे घ्या, मध्ये मिलिमीटरभर फट ठेवा. एकावर एक चढवलेली कड हाताच्या रेट्याने हमखास उचलली जाते. जेन ३ च्या खाचांवर टेप आधी खोलगट भागात दाबा, मग उंचवट्यावर आणा. उलट केलं तर ती खाचेवर तंबूसारखी ताणून राहते.

ग्लॉकच्या मुठीवर मुळातच खडबडीत नक्षी असते, त्यामुळे गोंद फक्त तिच्या टोकांनाच टेकतो. म्हणून उष्णता लागते. तुकडा जागेवर बसला की हेअर ड्रायरने अर्धा मिनिट तापवा आणि अंगठ्याने मध्यापासून कडेकडे एक मिनिटभर दाबत न्या. खरखरीत टेपवर मध्ये कापड धरा. कडा दोन-तीनदा तापवून दाबा. वर्कशॉपमधली हीट गन वापरू नका. तिच्या झोताने पॉलिमर मऊ पडतो आणि मूठ वाकते. अॅक्रिलिक गोंद पूर्ण पकडायला साधारण ७२ तास घेतो. शनिवारच्या मॅचसाठी शुक्रवारी रात्री लावलेली टेप पहिल्याच स्टेजला सरकते, मग दोष कंपनीच्या माथी मारला जातो.

तीन दिवसांनी शंभरेक गोळ्या झाडून कडा पाहा. कुठे उचललेली दिसली तर सुपरग्लू लावू नका, तो कडक होऊन तडकतो आणि पुढे टेप काढताना फ्रेम खरवडावी लागते. तेवढी कड गोल कापून टाका. नवी टेप फारच बोचत असेल तर जुन्या जीन्सच्या कापडाने दहा-वीस वेळा घासा, वरचे दाणे मोडतात. सगळ्यात आधी टक्कल पडतं ते समोरच्या तुकड्याला. तावाचा फायदा असा की तेवढाच तुकडा बदलता येतो, टॅलनचा एकसंध संच असेल तर सगळाच काढावा लागतो. काढताना पुन्हा ड्रायर, आणि टेप मुठीला जवळजवळ चिकटून ठेवत हळूहळू ओढायची. राहिलेला गोंद अल्कोहोलने निघतो.

सीझेड शॅडो २ या दुसऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलवाल्यांचं काम सोपं आहे. तिच्या पोलादी फ्रेमला पुढे-मागे चौकटींची नक्षी आधीच आहे, त्यामुळे फक्त बाजूच्या पट्ट्या स्क्रू काढून वेगळ्या करा आणि त्यांच्यावरच टेप लावा. टेप पट्टीच्या कडेवरून आत वळवू नका. पट्टी नीट बसत नाही आणि मॅगझिन अडकू लागतं.

खरेदीचं सांगायचं तर, कापाकापीचा कंटाळा असेल आणि ड्रॉ पक्का असेल तर टॅलनचा ग्रॅन्युलेट संच घ्या, तो मापात चोख बसतो. नव्याने खेळणाऱ्याने रबरी संचावर एक मोसम काढावा. हाताला कटरची सवय असेल तर ८० ग्रिटचा एक ताव; त्यात चार-पाच वेळा मूठ मढवून होते, आणि पहिल्यांदा साचा उलटा कापला गेला तरी हळहळ वाटत नाही.