दहापट भिंग: काच उत्तम, बिजागरी ढिली

नातीसाठी घडीचं दहापट भिंग घेतलं. दोन महिने मीच जास्त वापरतोय. काच स्वच्छ, मधला भाग लख्ख दिसतो, कडेला जरा रंगीत किनार येते. वस्तू अडीच सेंटिमीटरवर आणि डोळा भिंगाजवळ, हे जमेपर्यंत सगळं धूसर. बिजागरी आठवड्यात ढिली झाली, त्याचा एक तारा कापला.

पहिल्याच दिवशी तिनं कपड्याला चिकटलेलं बी पाहिलं. "आजोबा, हे आकडे कुणी लावले?" मी झटकन म्हणालो, "त्याला लांब जाता यावं म्हणून आहेत." जणू बियांची बैठकच भरली होती! खरं तर ज्यांना आकडे होते ती लांब पोचली, रुजली, त्यांचीच पिल्लावळ वाढली. पण 'मुद्दाम केलंय' हेच आधी सुचतं. मानसशास्त्रज्ञ डेबोरा केलेमन यांच्या अभ्यासात लहान मुलांना दगड टोकदार का, याचं 'प्राण्यांना अंग खाजवायला' हे कारण पटलं होतं. २०१३ च्या त्यांच्या प्रयोगात तर घाईत उत्तर द्यायला लावल्यावर व्यावसायिक शास्त्रज्ञही अशी कारणं जास्त मान्य करू लागले. वाचून मला जरा हायसं वाटलं.

बिजागरीला सध्या दोरा गुंडाळलाय.