हलका घेतला, पण रबर सुटलं

माझा जुना कॅमेरा निकॉन डी ७०० म्हणजे २००८ सालचं मॉडेल. बॅटरीशिवायच ९९५ ग्रॅम, वर लेन्स वेगळी. दिवसभर गळ्यात अडकवला की संध्याकाळी मान धरायची. म्हणून दोन वर्षांपूर्वी प्लॅस्टिक बॉडीचा एक मिररलेस (आत आरसा नसलेला कॅमेरा) घेतला, वजन निम्म्याहून कमी. कंपनीचं नाव घेत नाही, माझाच नग तसा निघाला असेल.

पहिले सहा महिने मजेत गेले. बॅगेत कॅमेरा आहे की नाही, हे चाचपून बघावं लागायचं! मग ग्रिपचं रबर अंगठ्यापाशी फुगलं आणि एका कोपऱ्यातून सुटलं. बॅटरीचं झाकण लावताना 'टक्' व्हायचं, तेही बंद झालं. आता चिकटपट्टी लावलीय. मोठी झूम लेन्स चढवली की सगळा भार पुढे जातो आणि मनगट दुखतं. मग वजन वाचवून मिळवलं काय?

सगळा दोष प्लॅस्टिकचा नाही हं. चांगलं पॉलिकार्बोनेट धक्का पचवतं, थंडीत हाताला गारही लागत नाही. आणि धूळपाणी अडवतात ते सांध्यांमधले सील, नुसती धातूची बॉडी नव्हे. आता कुठलाही कॅमेरा हातात आला की मी आधी बॉडी दाबून बघतो, कुरकुरते का. झाकणं दहादा उघडतो. दुकानदार वैतागतो, वैतागू दे.

छोटी प्राइम (झूम न होणारी लेन्स) लावून प्रवासाला हलकाच नेतो. रिमझिम पावसात मात्र डी ७००च. कडांचा काळा रंग उडून आतला धातू दिसायला लागलाय, शटर अजून तसंच खणखणीत वाजतं.