पाइन ट्री शिलिंग, न्यू जर्सीचं तांबं की व्यापारी टोकन: सुरुवात कशाने करावी?

अमेरिकेतली वसाहतकालीन नाणी जमवायची म्हटलं की मन आधी बॉस्टनच्या पाइन ट्री शिलिंगकडे धावतं. ते साहजिकच आहे. 1652 मध्ये मॅसॅच्युसेट्सने इंग्लंडची परवानगी न घेता टांकसाळ काढली आणि जॉन हल व रॉबर्ट सँडरसन यांच्या हाती दिली. पुढे तीसेक वर्षं तिथे नाणी पडली, पण शिलिंगवरचं साल 1652च राहिलं. पाइनचं झाड असलेली नाणी प्रत्यक्षात 1667 नंतरची.

अडचण पैशाची आणि नकलांची. बरं शिलिंग हजारो डॉलरच्या घरात जातं. 1850 च्या दशकातच न्यूयॉर्कच्या थॉमस वायटने त्याच्या नकला बाजारात आणल्या होत्या, आजही नव्या येतात. वजन साधारण 4.67 ग्रॅम हवं, पण कडा कातरून चांदी काढायची तेव्हा रीतच होती, त्यामुळे अस्सल नाणंही हलकं भरतं. मग नवख्याने निवाडा करायचा कसा? पीसीजीएस किंवा एनजीसी या नाणी तपासून प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांच्या सीलबंद डबीत नसेल तर घेऊ नका.

म्हणून मी न्यू जर्सीच्या तांब्याच्या बाजूने आहे. ही नाणी 1786 ते 1788 ची, म्हणजे वसाहत संपून राज्य झाल्यावरची, पण संग्राहक ती याच गटात धरतात. राज्याने तीस लाख नाण्यांचं कंत्राट दिलं होतं. एका बाजूला घोड्याचं डोकं आणि नांगर, दुसरीकडे ढाल. यातली बरीच न्यू जर्सीतल्या राहवे गावी पडली. आज मराठी माणसांनी गजबजलेल्या एडिसनपासून राहवे हाकेच्या अंतरावर आहे! झिजलेलं पण वाचता येणारं नाणं शंभर-दोनशे डॉलरच्या आसपास मिळू शकतं.

खरी गंमत साच्यांची. ते हाताने कोरलेले, त्यामुळे शंभराहून जास्त प्रकार आहेत आणि 1881 मध्ये एडवर्ड मारिसने दिलेले क्रमांकच आजही चालतात. काही नाणी तर कनेक्टिकटच्या नाण्यांवरच पुन्हा ठोकलेली असतात, खालची अक्षरं डोकावतात. एक भिंग आणि धीर असला की शिकणं संपत नाही. घेताना गुळगुळीत चॉकलेटी पृष्ठभाग बघा. झीज चालेल, खड्डे आणि हिरवा कळंक नको. आणि चिंच किंवा पितांबरी लावून चकाकवू नका, किंमत तिथेच गेली.

टोकनांत, म्हणजे खासगी पेढ्यांनी काढलेल्या नाण्यासारख्या चकत्यांत, टॅलबट, अलम अँड ली या न्यूयॉर्कच्या पेढीची 1794 आणि 1795 ची सेंटं सुबक. पेढी हिंदुस्थानशी व्यापार करायची, म्हणून त्यांवर जहाज आहे. ती बर्मिंगहॅमला पाडलेली, ठसा स्वच्छ, ओळखायला सोपी. शिल्लक राहिलेल्या हजारो टोकनांवर अमेरिकेच्या टांकसाळीने अर्धा सेंट पाडला. तसा अर्धा सेंट मिळाला तर जोडीने ठेवा. मात्र प्रकार मोजकेच, त्यामुळे वर्षानुवर्षं रमायचं असेल त्याला हा विषय तोकडा पडेल.