‘सर्टिफाइड’ एलईडी हेडलाइट बल्ब घेताय? खोका उलटा करून बघा

हॅलोजनच्या जागी बसणारे एलईडी बल्ब विकताना विक्रेता मला छातीठोकपणे म्हणाला होता, “साहेब, सर्टिफाइड माल आहे. कुणी अडवणार नाही.” खोक्यावर ‘सीई’ (युरोपातली खूण) आणि ‘डीओटी’ (अमेरिकेचं वाहतूक खातं) अशी दोन ठसठशीत चिन्हं होती. गाडी तपासणीत नापास झाली. उजेड भरपूर होता, पण तो समोरच्याच्या डोळ्यांत जात होता. लो बीमची, म्हणजे खाली झुकवलेल्या झोताची, भिंतीवर जी स्वच्छ रेघ पडायला हवी, ती पार विस्कटलेली.

कारण साधं आहे. हॅलोजन हेडलाइटचा रिफ्लेक्टर घडवताना फिलामेंट किती लांबीचं आणि नेमकं कुठे असेल, हे ठरलेलं असतं. एच४, एच७ या बल्बांची ही मापं संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियम क्र. ३७ मध्ये दिली आहेत. एलईडीच्या चिपा त्या जागेपासून जराशा सरकल्या, तरी किरण भलतीकडे फुटतात. सॉकेटमध्ये बल्ब बसला म्हणजे काम झालं, असं विक्रेते भासवतात. मंजुरी मात्र दिवा आणि त्यात चालणारा बल्बचा प्रकार, या जोडीला असते.

आता ती चिन्हं. ‘सीई’ उत्पादक स्वतःच लावतो, आणि हेडलाइटचा झोत रस्त्यावर योग्य पडतो की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. ‘डीओटी अप्रूव्हड’ तर निव्वळ थाप. अमेरिकेत सरकार दिव्यांना आधी मंजुरी देतच नाही. माल सुरक्षा मानक क्र. १०८ प्रमाणे आहे, असं उत्पादकच जाहीर करतो.

संयुक्त राष्ट्रांचे नियम पाळणाऱ्या देशांत शोधायचं ते वर्तुळातलं ‘ई’ आणि त्याला लागून असलेला आकडा. आकडा मंजुरी देणाऱ्या देशाचा: १ जर्मनी, ४ नेदरलँड्स. पण इथेही लबाडी चालते. काही बल्बांवर खरोखरच ‘ई’ असतं, फक्त ते नियम क्र. १० खालचं, म्हणजे रेडिओ वगैरेत विद्युत व्यत्यय येत नाही एवढ्यापुरतं. शेजारी ‘१०आर’ दिसलं तर उजेडाबद्दल त्यात काहीही म्हटलेलं नाही, हे ओळखा.

पैसे मागायला गेल्यावर विक्रेत्याने खोका उलटा केला. तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरांत: ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’, म्हणजे सार्वजनिक रस्त्यावर नाही. ही ओळ ग्राहकासाठी नसतेच. ती विकणाऱ्याची पळवाट असते. टेललाइट काळ्या करणाऱ्या फिल्मवरही ती सापडते.

जर्मनीत २०२० पासून काही एलईडी बल्बांना रस्त्यावर परवानगी मिळाली आहे, तीही यादीतल्या ठरावीक गाड्यांपुरती. म्हणून विकत घेण्याआधी बिलावर गाडीचं मॉडेल, मंजुरी क्रमांक आणि ‘रस्त्यावर वापरास मंजूर’ एवढं लिहून मागा. माझ्या विक्रेत्याला मी नंतर तेच लिहून मागितलं, तेव्हा ‘सर्टिफाइड’ हा शब्दसुद्धा त्याच्या तोंडून निघेना.