दिवाळीआधी काळी केलेली भिंत: पावसाळा उलटल्यानंतरचा अनुभव

गडद रंग मळखाऊ असतो हे कपड्यांपुरतं ठीक आहे. भिंतीवर नेमकं उलटं होतं. पांढऱ्या भिंतीवर खपून जाणारी धूळ, कोळिष्टकं, नखाचे ओरखडे, छताचे पडलेले कण, सगळं काळ्या भिंतीवर चव्हाट्यावर येतं. तरी हॉलमधली काळी भिंत मी बदलणार नाहीये. बेडरूममधली गडद निळी मात्र जाणार.

घर पुण्यात, जुन्या इमारतीतला टूबीएचके. गेल्या दिवाळीआधी तीन ठिकाणी गडद रंग दिले. हॉलमध्ये टीव्हीमागे कोळशी काळा, पॅसेजला बॉटल ग्रीन, बेडरूममध्ये पलंगामागच्या भिंतीला गडद निळा. छतं आणि बाकीच्या भिंती पांढऱ्याच ठेवल्या.

शेडकार्डावरच्या बोटभर चौकोनावरून काळा रंग निवडू नका. सगळे काळे सारखे वाटतात, पण कुणात निळी झाक असते, कुणात तपकिरी, कुणात हिरवट. छोटा डबा आणून प्लायच्या तुकड्यावर दोन हात मारा आणि तो तुकडा सकाळ-संध्याकाळ भिंतीला टेकवून बघा. मुख्य म्हणजे ट्यूबलाइट लावून बघा. आपल्याकडे सर्रास असते ती ६५०० केल्विनची पांढरीफटक एलईडी ट्यूब. तिच्या उजेडात आमचा कोळशी रंग निळसर आणि अगदी कळकट दिसायचा. ३००० केल्विनचे पिवळसर दिवे लावले आणि तीच भिंत एकदम भारदस्त दिसायला लागली. रंग न बदलता पडलेला फरक आहे हा.

दिवे वाढवावे लागतात हेही आधीच धरून चला. कंपन्या शेडबरोबर एलआरव्ही नावाचा आकडा देतात, म्हणजे रंग किती टक्के उजेड परत टाकतो ते. पांढऱ्याचा तो ८० च्या वर असतो, कोळशी रंगाचा १० च्या आसपास किंवा त्याहून कमी. समोरची भिंत आणि छत पांढरं असल्यामुळे आमचा हॉल अंधारला नाही. चारही भिंती गडद करायच्या असतील तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा, मग रंगाऱ्याला.

रंगाऱ्याचं म्हणाल तर खरा खर्च घासकामाचा. जुन्या भिंतीवर पुट्टीचे ठिगळ होते, पांढऱ्या रंगाखाली कधी जाणवले नव्हते. आमच्या रंगाऱ्याने दिवे बंद करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला. सगळ्या लाटा आणि खड्डे उठून दिसले. पुन्हा पुट्टी, पुन्हा पॉलिश पेपर, आणि धूळ अख्ख्या घरात. हे टाळून थेट रंग मारतो म्हणणारा रंगारी गडद रंगासाठी ठेवू नये. दुसरी गोष्ट, गडद शेड ज्या बेसमध्ये, म्हणजे दुकानदार शेड मिसळतो त्या मूळ रंगात, बनते त्यात झाकणारं पांढरं रंगद्रव्य जवळजवळ नसतं, त्यामुळे पहिला हात ढगाळ दिसतो. घाबरू नका. प्रायमरमध्येच करडी झाक मिसळून घेतली तर काम सोपं होतं. तरी दोनऐवजी तीन हात लागले. एक भिंत एका दमात पुरी करायची, मध्ये चहाला थांबलं की जोड दिसतो.

फिनिशबद्दल माझं मत पक्कं झालंय. हॉलमध्ये पूर्ण मॅट घेतला. दिसायला त्याला तोड नाही, पण हात लावायची सोय नाही. ओल्या फडक्याने जोरात पुसलं की तेवढाच भाग चकाकतो आणि मग बाजूने बघताना तो डाग वाटतो. कोरडं मायक्रोफायबरचं फडकं, हलक्या हाताने, वरून खाली, एवढंच. पॅसेजला हलकी चकाकी असलेला घेतला. भिंतीतले बारीक उंचसखल भाग त्यात जास्त दिसतात, पण पिशव्या, छत्र्या आणि मुलाची सायकल रोज घासूनही तो पुसता येतो. ये-जा असेल तिथे मॅट नकोच.

पलंगामागे मॅट देणं तर सगळ्यात वाईट. रविवारी डोक्याला खोबरेल लावून टेकून बसायचं, हे आमच्याकडे सगळेच करतात. निळ्या भिंतीवर डोक्याच्या उंचीला दोन तेलकट गोल आहेत आणि ते कशानेच निघत नाहीत.

शिवाय ती भिंत बाहेरच्या बाजूची. जुलैच्या अखेरीस खालच्या कोपऱ्यात पांढरी पूड फुटली, म्हणजे लोणा. बाहेरून मुरलेलं पाणी सिमेंट-विटांमधले क्षार विरघळवून आत आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार पृष्ठभागावर राहतात. ओल्या फडक्याने पुसलं की गायब, वाळलं की पुन्हा हजर. कोरड्या ब्रशने झाडणं बरं. बाहेरची भेग बुजवल्याशिवाय वरून कितीही रंग मारला तरी फुकट. क्षार पांढऱ्या भिंतीवरही येतात, नजरेत भरत नाहीत इतकंच. बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल धरत असेल तर गडद रंग आतल्या भिंतीलाच द्यावा.

घर तापेल अशी भीती सासूबाईंना होती. थेट ऊन न पडणाऱ्या आतल्या भिंतीने आम्हाला तरी काही फरक जाणवला नाही. निळ्या भिंतीवर संध्याकाळचं तिरपं ऊन येतं, तिथे एप्रिलमध्ये हाताला चटका नाही पण ऊब लागायची. गच्चीला किंवा पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीला काळा देणं हे मात्र उन्हाळ्याशी वैर घेणं आहे.

"अगं, घरात काळा रंग कुणी देतं का?" हे प्रत्येक पाहुण्याकडून ऐकलं. संक्रांतीला काळी साडी नेसून आलेल्या मावशींनीही ऐकवलं, आणि ज्या काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर त्यांच्यासाठी पोळ्या झाल्या त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. वाद घातला नाही.

आता त्या भिंतीचं सुख. संध्याकाळी सिनेमा लावला की टीव्हीचा उजेड मागे परावर्तित होत नाही, डोळे निवांत राहतात. थिएटरच्या आतल्या भिंती गडद का असतात ते घरबसल्या कळतं. टीव्ही बंद असताना भिंतीवरचा काळा चौकोनही खुपत नाही. सागवानी कपाट आणि पितळेची समई पांढऱ्या भिंतीपुढे इतकी कधी उठून दिसली नव्हती. आणि हो, मारलेल्या डासाचा डाग दिसत नाही!

शेवटचं कामाचं. उरलेला रंग घट्ट झाकण लावून ठेवा आणि डब्यावरचा शेडचा कोड, बेस आणि फिनिश यांचा फोटो काढून घ्या. दुकानदाराने पुन्हा मिसळून दिलेला गडद रंग आमच्या जुन्याशी तंतोतंत जुळला नाही, आणि मॅटवर मधेच दिलेला टचअप चट्टा होऊन दिसतो. ओरखडा मोठा असेल तर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत अख्खी भिंत मारावी लागते. तेवढा रंग पहिल्याच खरेदीत जास्तीचा आणलेला बरा.